या घरची दोन

"या घरची दोन धरा," मर्ल म्हणाला आणि त्यानं दोन बोटं वर केली. माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही.

मी त्याच्या मागेच कॉफीचं भांडं घेऊन उभी होते. आमच्या स्वयंपाकघरात सेनेटर हॅलोरनच्या प्रचाराची माणसं बसली होती. राज्याच्या राजधानीतून, डे मॉइनहून आलेली एक तरतरीत बाई, तिच्याबरोबर दोन कॉलेजची पोरं, आणि त्यांच्यासमोर आल्टा ग्रोव्ह गावात सेनेटरसाठी माणसं जमवणारा कॅप्टन म्हणून माझा नवरा, मर्ल व्होस. बाईनं कागदावर दोन मतं टिपली. मी तिच्या कपात कॉफी ओतली, तिनं गोड हसून आभार मानले. त्या दोन बोटांपैकी एक मी आहे आणि बोटाला तोंड असू शकतं, हे तिच्या गावीही नव्हतं.

तिला कशाला नावं ठेवू? अडतीस वर्षांच्या संसारात मर्लच्याही गावी नव्हतं.

राष्ट्राध्यक्ष कोण होणार हे सगळा देश नोव्हेंबरात ठरवतो, पण उमेदवारांची चाळणी सुरू होते ती आमच्या आयोवात, जानेवारीत, कंबरभर बर्फात, कॉकस नावाच्या गावसभांत. रिपब्लिकन मंडळींचं बरं असतं. ते चर्चच्या तळघरात जमतात, नाव लिहिलेली चिठ्ठी घडी करून टोपलीत टाकतात आणि केक खाऊन घरी जातात. कोणी कोणाला दिलं, देव जाणे. आम्हा डेमोक्रॅटांना असं लपूनछपून काही करता येत नाही. आम्ही प्राथमिक शाळेच्या जिममध्ये जमतो, भिंतींवर उमेदवारांच्या नावाचे कागद चिकटवलेले असतात आणि ज्याचा जो उमेदवार त्याच्या कागदाखाली जाऊन उभं राहायचं. सगळ्या गावादेखत. दातांचा डॉक्टर कुठे उभा आहे ते त्याचे पेशंट बघतात, मास्तरीण कुठे उभी आहे ते आईबाप बघतात. एखाद्या कोपऱ्यात पुरेशी माणसं जमली नाहीत तर तो कोपरा मोडतो. मग अर्धा तास मिळतो. त्या अर्ध्या तासात मोडक्या कोपऱ्यातल्या लोकांना बाकीचे येऊन ओढतात, पटवतात, गोंजारतात, घरून करून आणलेल्या लिंबाच्या वड्या खिलवतात. ज्याला कुठेच जायचं नसेल त्यानं कोट घालून घरी जावं, त्याचं मत मोजलं जात नाही.

इतक्या निवडणुका मी मर्लच्या शेजारी उभी राहिले. तो जिथे, तिथे मी. कधी कधी तर मला उमेदवाराचं नावही आवडायचं नाही.

त्या वर्षी गावातल्या आम्हा डेमोक्रॅटांत सेनेटर हॅलोरन आणि दुसरा उमेदवार, एका राज्याचा गव्हर्नर, अशी उभी फूट पडली होती. धान्याच्या कोठाराशेजारच्या कॉफीच्या दुकानात पूर्वी दोन टेबलं असायची, एक रिपब्लिकनांचं, एक आपलं. आता तिसरं लागलं होतं, कारण सेनेटरवाले गव्हर्नरवाल्यांच्या हातून साखरसुद्धा घेईनात. चर्चच्या गायकवृंदात कर्टिस लुंडच्या बाजूला कोणी उभं राहीना, कारण तो गव्हर्नरचा कॅप्टन. हा कर्टिस शाळेचा बँडमास्तर, स्वभावानं गरीब, पण मर्ल त्याच्याबद्दल असं बोलायचा की त्यानं आमची डुकरं चोरली असावीत. रिपब्लिकन टेबल हे सगळं बघून पोट धरून हसायचं.

मला हसू येत नव्हतं. माझं सगळं लक्ष लोरेटापाशी होतं.

लोरेटा माझी जाऊ. मर्लच्या धाकट्या भावाची, डेल्मरची बायको. आमची शेतं लागून, अंगणं लागून. मला बहीण नाही, आणि लोरेटामुळे ती कधी लागलीही नाही. आमच्या तालुक्याच्या इस्पितळातला तातडीचा विभाग बंद झाला तेव्हा आम्ही दोघींनी दारोदार फिरून सह्या गोळा केल्या होत्या. सह्या गेल्या कुठल्या तरी टेबलावर आणि विभागाला कुलूप लागलं ते लागलंच. लहान इस्पितळांचा पैसा ज्या कायद्यानं आटला, त्या कायद्याला हात वर करणाऱ्यांत सेनेटर हॅलोरनही होता. गेल्या फेब्रुवारीत एका दुपारी जेवण करून उठताना लोरेटाच्या छातीत कळ आली. मोठं इस्पितळ पन्नास मैलांवर. वाटेत बर्फ. डेल्मर ॲम्ब्युलन्समध्ये चढायला लागला तर मर्ल म्हणाला, "तिथं गर्दी करू नकोस, त्यांना काम करू दे. आपण मागून येऊ." डेल्मर उतरला. तो जन्मभर मर्लचं ऐकत आला आहे. आमच्या ट्रकमधून आम्ही तिघं मागून गेलो, आणि पुलापलीकडे पुढची ॲम्ब्युलन्स सावकाश चालायला लागली तेव्हाच मला कळलं की आता घाई उरलेली नाही.

त्यानंतर व्होसांच्या घरात लोरेटाचं नाव निघालं नाही. व्होस पुरुष हवामानावर बोलतात, मक्याच्या भावावर बोलतात. डेल्मर दर रविवारी माझ्याकडे जेवायला येतो, ताट धुऊन ठेवतो आणि जातो.

नोव्हेंबरात सेनेटर आमच्या वाचनालयात आला. मी हात वर केला आणि विचारलं, आमचा तातडीचा विभाग कधी उघडणार, माझी जाऊ रस्त्यात गेली. त्यानं खाली येऊन माझा हात दोन्ही हातांत धरला. "मॅडम, तुमच्या दुःखात मी सहभागी आहे," म्हणाला. मग माझा हात सोडून पुढच्या बाईचा धरला. ट्रकमध्ये बसल्यावर मर्ल माझ्यावर उखडला.

"घरातलं दुःख असं चव्हाट्यावर मांडतात का? डेल्मर तिथे बसला होता. त्याला काय वाटलं असेल?"

"डेल्मरला काय वाटलं ते डेल्मरला विचार."

त्यानं विचारलं नाही. डिसेंबरात गव्हर्नर आला, त्यालाही मी तेच विचारलं. तो म्हणाला, समिती नेमू. मी बारा वर्षं शाळेच्या बोर्डावर होते. समिती कशासाठी नेमतात ते मला कोणी शिकवायची गरज नाही.

कॉकसच्या संध्याकाळी जिममध्ये ओल्या बुटांचा आणि फरशीच्या पॉलिशचा वास भरला होता. अध्यक्षपदी युनिस प्रुइट. तिनं एके काळी गावातल्या मुलींची बास्केटबॉलची टीम राज्याच्या स्पर्धेत नेली होती, आणि तेव्हाची शिट्टी अजून तिच्या गळ्यात असते. तिच्या जिममध्ये कोणी टोपी घालायची नाही, च्युइंगगम खायचं नाही. तिनं नियम वाचून दाखवले. एका भिंतीला सेनेटरचा कागद, समोरच्या भिंतीला गव्हर्नरचा, आणि स्वच्छतागृहाच्या दाराशेजारी तिसरा कागद, ज्यावर लिहिलं होतं, 'बांधील नाही'. हा कागद नियमानं लावावाच लागतो. ज्याला कुठलाच उमेदवार पसंत नाही त्यानं तिथे उभं राहायचं. तिथे पुरेशी माणसं जमली तर तो कोपराही इतरांसारखाच मोजला जातो, त्याचाही प्रतिनिधी मार्चमधल्या तालुक्याच्या अधिवेशनाला जातो. पण आल्टा ग्रोव्हमध्ये त्या कागदाखाली आजवर कोणी उभं राहिलेलं नव्हतं. स्वच्छतागृहाची रांग लागली तरच.

युनिसनं शिट्टी मारली. मर्लनं सवयीनं माझं कोपर धरलं.

मी कोट काढला, त्याच्या हातात दिला. "हा धर जरा," म्हटलं आणि चालायला लागले. जिमच्या मधोमध, तिरकी. माझे बूट फरशीवर चुंई चुंई वाजत होते. मला वाटलं होतं मला भीती वाटेल. पण खरं सांगते, मला राग इतका आला होता की भीतीला जागाच नव्हती. मी त्या तिसऱ्या कागदाखाली जाऊन उभी राहिले आणि गावाकडे तोंड केलं.

"आर्डिस," युनिसनं माईकवरून सांगितलं, "आत जायचं असेल तर दार उजवीकडे उघडतं."

"ठाऊक आहे, युनिस. मला आत जायचं नाही. मी उभी आहे."

कोणी तरी फिसकन हसलं. मर्ल माझा कोट छातीशी धरून सेनेटरच्या कागदाखाली उभा होता, बायकोच्या जागी कोट. आता सगळं गाव एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होतं.

पहिली आली हेझल ब्रँट, शाळेची बस चालवते ती. आली ती तोंड वाजवतच. "बसभर लहान मुलं घेऊन त्या रस्त्यानं मी रोज जाते, म्हटलं काही झालं तर काय करशील असं कोणी तरी विचारेल. कोणी विचारत नाही. सरक जरा." मग तातडीचा विभाग बंद झाल्यावर घरी बसलेल्या दोघी नर्स आल्या. मग म्हातारा ऑटो लिंडक्विस्ट, ज्याला दम्याचा त्रास, तो हातातली काठी टेकत आला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. मग काही एकटीदुकटी आणि काही अशी जोडपी आली, की नवरा गव्हर्नरकडून आला आणि बायको सेनेटरकडून, आणि दोघं माझ्या कागदाखाली भेटली. थोड्या वेळानं युनिसनं मोजलं. आम्ही दहा होतो. त्या संध्याकाळच्या हजेरीप्रमाणे कोपरा टिकायला अकरा लागत होते.

"अर्धा तास," युनिस म्हणाली आणि शिट्टी वाजली.

पहिला धावत आला कर्टिस. त्यानं समितीचं पुन्हा सांगितलं, हातवारे करून, बँड चालवल्यासारखं. हेझलनं त्याला एवढंच विचारलं, "समितीत ॲम्ब्युलन्स असते का रे?" तो परत गेला. समोर सेनेटरच्या माणसांत कुजबुज चालली होती, मग मर्लच्या पाठीवर दोन-तीन हात पडले. तो कॅप्टन. मनधरणी करणं हे त्याचं काम. आणि मनधरणी करायची होती ती त्याच्याच बायकोची.

तो आला. हातात लिंबाच्या वड्यांची ताटली. त्या वड्या सकाळी मीच केल्या होत्या.

"आर्डिस, हे काय चाललंय?"

"कॉकस."

"घरी बोलू आपण."

"घरी तू बोलत नाहीस, मर्ल. घरी तू दोन बोटं दाखवतोस."

"अगं, लोक बघतायत!"

"त्यासाठीच तर जिममध्ये येतो आपण. चल, पटव मला. कर्टिसनं पटवायचा प्रयत्न तरी केला बिचाऱ्यानं."

मर्लनं घसा साफ केला. आणि मग, देवाशपथ सांगते, तो मला तेच भाषण द्यायला लागला जे तो लोकांच्या दारात देत फिरला होता. "सेनेटर हॅलोरन शेतकऱ्याच्या घरात वाढलेला माणूस आहे. त्याला मातीची जाण आहे..."

"पुरे. मी हे महिनाभर ऐकलंय, कॉफी ओतता ओतता. पुढचं मी म्हणून दाखवू?"

मागे ऑटो लिंडक्विस्टला हसताना ढास लागली. मर्लचे कान लाल झाले. त्यानं ताटली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"मग तुला हवंय तरी काय?" तो चिडून म्हणाला.

हा प्रश्न त्यानं मला आधी कधी विचारला होता ते आठवायचा मी प्रयत्न केला. पडदे कोणते घ्यायचे ते विचारलं होतं. जेवायला काय आहे ते रोज विचारतो. "हे," मी म्हणाले, "हे विचारायला तुला सगळं गाव साक्षीला लागलं. मला तातडीचा विभाग परत हवाय, मर्ल. दुःखात सहभाग नको, समिती नको. दोघांपैकी कोणी तरी सांगावं, या तारखेला कुलूप निघेल. सांगेपर्यंत मी कोणाचीच नाही."

त्यानं मान खाली घातली, आवाजही खाली आणला. "लोरेटाचं नाव इथे काढू नकोस."

"मी काढलं नाही. तू काढलंस."

मला वाटलं आता तो जाईल. पण मर्लच्या डोक्यात हिशोब कधी थांबत नाही, त्यानं आमच्याकडे एक नजर टाकली, गव्हर्नरच्या कोपऱ्याकडे एक, आणि त्याचा चेहरा पुन्हा कॅप्टनचा झाला. आपला जास्तीचा माणूस मोडक्या कोपऱ्याला उसना द्यायचा, ही युक्ती आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. आमचा कोपरा मोडला असता तर निम्मी माणसं कर्टिसकडे गेली असती आणि कर्टिसचा एक प्रतिनिधी वाढला असता. मर्लकडे मात्र गरजेपेक्षा दोन माणसं जास्त होती.

"दहा आहात ना?" तो म्हणाला. "एक माणूस मी तुला देतो. तुझा कोपरा टिकेल, कर्टिस बसेल बोंबलत. माझंही नुकसान नाही. झालं समाधान?"

"देतोस?"

"देतो. दिला." आणि त्यानं वळून हात केला. "डेल्मर! ये इकडे."

डेल्मर लगेच निघाला. हातात टोपी, खांदे पुढे झुकलेले, अख्ख्या जिममधून चालत आला आणि माझ्यासमोर उभा राहिला. हेझलनं मला मागून ढोसलं. "अकरा झाले! झाले गं अकरा!"

"का आलास, डेल्मर?" मी विचारलं.

"मर्ल म्हणाला."

"मग परत जा."

माझ्या मागे एकदम गलका झाला. "वेड लागलंय का तुला, आर्डिस?" हेझल किंचाळलीच. "आलेला माणूस कोणी परत पाठवतं का? कसा का आला असेना!" दोघींतली एक नर्स रडकुंडीला आली होती. आणि त्यांचं काय चुकलं? माणसं भांडण अंगावर घेऊन माझ्यामागे आली होती, आणि मी तो कोपरा हातानं मोडत होते. डेल्मरच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. पण मर्लनं उसना दिलेला डेल्मर मला नको होता. मर्लनं सांगितलं म्हणून तो ॲम्ब्युलन्समधून उतरला होता. मर्लनं सांगितलं म्हणून तो लोरेटासाठी उभा राहिला असता, तर ते मला सहन झालं नसतं.

"उसनी माणसं नकोत मला," मी म्हणाले. मोठ्यानं म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "इथे ज्याला यायचं त्यानं आपल्या पायांनी यावं. नाही तर मोडू दे हा कोपरा. मी एकटी उभी राहीन आणि युनिस मला शून्य मोजेल."

डेल्मर वळला. जिमच्या मधल्या वर्तुळापर्यंत गेला आणि तिथे थांबला.

"डेल्मर, अरे जा ना तिकडे!" मर्ल ओरडला. "ती बोलते तिकडे लक्ष देऊ नकोस!"

"डेल्मर, इकडे ये, आमच्याकडे ये!" कर्टिसनं संधी साधली.

"वेळ संपत आली," युनिस म्हणाली. ती घड्याळाकडे बघत होती, पण तिची शिट्टी ओठांपाशी जाऊन थांबली होती, हे मी पाहिलं.

डेल्मरनं मर्लकडे पाहिलं. मग हातातली टोपी डोक्यावर घातली.

"डेल्मर व्होस, टोपी!" युनिसच्या तोंडून सवयीनं गेलं.

त्यानं काढली नाही. टोपी घालूनच तो परत माझ्याकडे आला. सावकाश नाही, चांगला ताडताड आला, गोठ्याचं दार वाऱ्यानं उघडलं की जातो तसा.

"आता का आलास?" मी विचारलं.

"मर्लनं सांगितलं म्हणून नाही."

"लोरेटासाठी?"

"नाही." त्यानं मान हलवली. "ती गेली, आर्डिस. तिला आता इस्पितळाचा काय उपयोग? मी माझ्यासाठी आलोय. मी घरात एकटा असतो. माझ्या छातीत कळ आली तर मी कुठे जायचं? मला जगायचंय अजून." मग तो वळला आणि इतक्या मोठ्यानं बोलला की मागच्या बाकांवरची पोरंसुद्धा गप्प झाली. "आणि मर्ल, त्या दिवशी मी तिच्याजवळ बसायला हवं होतं. तू उतर म्हणालास आणि मी उतरलो. मी उतरायला नको होतं."

मर्लच्या हातात वड्यांची ताटली तशीच होती. मी या माणसाला अडतीस वर्षं ओळखते. त्याच्याकडे हवामानापासून वॉशिंग्टनपर्यंत कशालाही उत्तर असतं.

"हो," तो म्हणाला. "मी चुकीचं सांगितलं."

युनिसनं शिट्टी वाजवली. तिनं मोजलं, आणि पुन्हा मोजलं, कारण तिला चष्म्याच्या आतून डोळे पुसावे लागले. अकरा.

प्रतिनिधी म्हणून आमच्या लोकांनी मला निवडलं. दुसरं कोणी नाव द्यायलाच तयार नव्हतं. परत येताना मर्ल ट्रक चालवत होता. वायपर काचेवरचा बर्फ लोटत होता.

"तू मला गावादेखत तोंडघशी पाडलंस," तो म्हणाला.

"हो," मी म्हणाले.

मी माफी मागेन असं त्याला वाटलं असावं. मी खिडकीबाहेर बघत राहिले. घरी पोचल्यावर मर्ल आत न येता तसाच डेल्मरच्या अंगणाकडे चालत गेला. त्यांच्यात काय बोलणं झालं मी विचारलं नाही. तो आला तेव्हा त्याच्या पापण्यांवर बर्फ होता, आणि तो तसाच जाऊन झोपला.

दुसऱ्या दिवशी कळलं की राज्यात सेनेटर आणि गव्हर्नर अगदी बरोबरीत आले आहेत, आणि आता तालुक्यांच्या अधिवेशनांत एकेक प्रतिनिधीसाठी ओढाताण होणार. कॉफीच्या दुकानात म्हणे तिन्ही टेबलं माझ्यावरच बोलत होती. रिपब्लिकन टेबलावरचे सुद्धा म्हणाले की इस्पितळ आमचंही बंद झालंय, आम्हाला कुणी विचारलं नाही.

जेवणानंतर मी भांडी विसळत असताना फोन वाजला. मर्लनं उचलला. "बोला, मर्ल बोलतोय," तो ऐटीत म्हणाला. मग ऐकत राहिला. मग त्यानं रिसीव्हर माझ्यापुढे धरला.

"तुझ्यासाठी आहे. सेनेटरचा माणूस."

मी हात पुसले. पलीकडून एक तरुण आवाज आला, लोण्यात घोळलेला. "मिसेस व्होस, अभिनंदन! आपण आल्टा ग्रोव्हच्या बांधील नसलेल्या प्रतिनिधी आहात, असं आम्हाला कळलं. सेनेटर स्वतः आपल्याशी दोन मिनिटं बोलू इच्छितात. ते लाइनवर येतच आहेत."

"नको."

"माफ करा?"

"फोनवर नको. त्यांना इथे यायला सांगा."

"अगदी जरूर! सेनेटरना आपलं गाव फार आवडतं. त्यांचं विमान गुरुवारी तिकडूनच जाणार आहे, आम्ही तालुक्याच्या धावपट्टीवर..."

"विमानानं नाही, बाबा. लिहून घे. पन्नास मैलांवरच्या मोठ्या इस्पितळाच्या दारातून निघायचं आणि रस्त्यानं माझ्या घरी यायचं. ॲम्ब्युलन्समधून. पुढे ड्रायव्हरशेजारी बसायचं नाही. मागे, स्ट्रेचरवर, आडवं पडून, पट्टे बांधून. आणि वाटेत कोणाचा हात धरायचा नाही."

मर्ल ओट्याला टेकून उभा होता. त्यानं मला थांबवलं नाही.

"मॅडम, आपण गंमत करताय ना?"

"गव्हर्नरच्या माणसांनाही हेच सांगणार आहे. जो आधी येईल त्याला कॉफी मिळेल. स्ट्रेचरवरून उठून त्यानं मला तारीख सांगितली, तर मतही मिळेल."

"मी... मी सेनेटरना विचारून कळवतो."

"बर्फ पडत असेल त्या दिवशी यायला सांग," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

मर्लनं टॉवेल उचलला आणि एक ताट पुसायला घेतलं. एकच ताट तो कितीतरी वेळ पुसत राहिला.

"आणि दोघांपैकी कोणीच आलं नाही तर?" त्यानं विचारलं. खरोखर विचारलं.

"तर मार्चच्या अधिवेशनात मी पुन्हा त्याच तिसऱ्या कागदाखाली उभी राहीन," मी म्हणाले, "आणि विचारतील तेव्हा सांगेन की दोघांनाही आमचा रस्ता झेपला नाही."